लाल दोऱ्याची नराणी

दुकानाच्या फळ्या काढण्याआधी कोंडीबा उंबऱ्यावर उकिडवा बसायचा आणि दोन्ही हात उन्हाकडे धरून आपली दहा नखं तपासायचा. आधी उजवा हात, मग डावा. एखाद्या नखावर बोट फिरवून खरखर लागते का बघायचा. नाही लागली की हात धोतराला पुसून उठायचा. शुक्रवार पेठेतल्या लोकांना वाटे, न्हावी माणूस, हात स्वच्छ ठेवतो. त्याच्या बायकोला, रंभाबाईला, खरं कारण ठाऊक होतं.

"काय म्हंत्यात नखं?" ती आतून विचारायची.

"गप की."

ही सवय त्याला १९२६ साली लागली. तशी संशयाची खोड जन्माचीच. गवळ्याच्या दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो हे बघितल्याशिवाय तो दूध घरात घेत नसे. तेल आणलं की आधी वास घ्यायचा. दुकानात एक खुर्ची, एक आरसा, भिंतीलगत एक बाक. बाहेर पाटीवर 'सलून' असं रंगवून घेतलेलं. गिऱ्हाइक खुर्चीत बसलं की कोंडीबाची नजर आधी त्याच्या हातांवर जायची, तोंडावर नंतर.

म्हणून रुद्रप्पाचे हात त्याला पहिल्याच दिवशी दिसले.

रुद्रप्पा गिरणीत मागावर कामाला होता. "कोंडीबा, माझ्या नखात सूत अडकतंय बघ," तो म्हणाला. "धागा धरला की नख वर, नख सोडवलं की धागा तुटतो. जॉबर-मुकादम शिव्या घालतोय."

नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खळगे होते. दोन नखं पिवळी पडून मांसापासून सुटली होती आणि त्यांच्या खाली खडूसारखा भुगा साठला होता. बाही वर सरकली तेव्हा कोपरावर पांढरट खपल्या दिसल्या. आज या दुखण्याला सोरायसिस म्हणतात आणि शिवल्यानं ते लागत नाही हेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा पेठेत त्याला नाव नव्हतं. त्यामुळे जो बघेल त्याच्या मनात एकच शब्द यायचा, महारोग. कोंडीबाच्याही मनात तोच आला.

हाकलावं तर बोभाटा होणार, ठेवून घ्यावं तर गिऱ्हाइकं पळणार. त्यानं मधला मार्ग काढला. "रविवारी दुपारच्याला येत जावा रुद्राण्णा," तो म्हणाला. त्या वेळी दुकान रिकामं असे. आणि नखं काढायचं छोटं लोखंडी हत्यार, नराणी, त्यानं रुद्रप्पासाठी वेगळी काढली. चुकून दुसऱ्या कुणाला वापरली जाऊ नये म्हणून तिच्या मुठीला लाल दोरा गुंडाळला आणि आरशामागच्या कोनाड्यात ठेवली.

पहिल्या रविवारी त्यानं नखाखालचा भुगा नराणीच्या टोकानं कोरून काढला. पुढच्या रविवारी नख आणखी वर आलं होतं, कडेला रक्त सुकलं होतं. कोरल्यानंच ते सुटतंय, हे कोंडीबाच्या ध्यानात आलं. त्यानंतर त्यानं खाली कोरणं सोडलं. कोमट पाण्यात बोटं बुडवून ठेवायची, नख मऊ झालं की फक्त टोक कापायचं, ते अगदी आखूड, आणि वरून करडईचं तेल चोळायचं. चार महिन्यांत नखं बरी झाली नाहीत, पण सूत अडकायचं थांबलं.

रुद्रप्पा खुश होता. त्यानं लाल दोरा बघितला होता आणि आपल्या परीनं अर्थ लावला होता. गिरणीत तो सांगत सुटला, "माझी नराणी येगळी हाय. खास! कोंडीबानं लाल दोरा बांधून ठेवलीय. इनामदाराची तरी ठेवतो का असा कोन?"

त्याच सुमारास त्याच्या मुलीची, शिवम्माची, सोयरीक दुधनीच्या घरात ठरली. सुपारी फुटली. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना एक परका माणूस दुकानात येऊन खुर्चीत बसला. कोंडीबानं गालाला हात लावला मात्र, त्याचे डोळे बारीक झाले. या माणसाची दाढी कालच झालेली होती.

"पाव्हणं कुठलं म्हनायचं?"

"दुधनीचा. गुरुसिद्धप्पा. शिवम्माच्या होणाऱ्या नवऱ्याचा काका."

मुलीच्या घराची चौकशी करायला माणसं न्हाव्याकडे येतच. घरात काय शिजतं आणि अंगावर काय उमटतं, ते त्यालाच ठाऊक. कोंडीबा गुपचूप साबण लावू लागला.

"रुद्रप्पासाठी तुम्ही वेगळी नराणी ठेवलीय म्हणे," गुरुसिद्धप्पा आरशात बघत म्हणाला.

साबणाचा ब्रश हवेत थांबला. "कुनी सांगितलं?"

"तोच सांगतोय गावभर. त्याला वाटतं मान दिलाय. न्हावी वेगळं हत्यार कुणासाठी ठेवतो, ते दुधनीतल्या पोरालाही कळतं. खरं काय ते सांगा. महारोग्याची लेक आमच्या घरात नको."

बाकावर रावजी बसला होता. धान्यबाजारात माप करणारा, जुनं गिऱ्हाइक. तो पुढे सरकला. "व्हय कोंडीबा, मला बी कळू दे. त्याची बोटं धरतोस, त्याच हातानं माझी मान धरतोस की."

नाही म्हणावं आणि उद्या खरंच तसं निघालं तर? गप्प बसावं तर पोरीचं लग्न मोडलंच. "रविवारी दुपारी या," तो शेवटी म्हणाला. "डोळ्यानं बघा."

लहानपणी बार्शीच्या वाटेवर त्यानं एक महारोगी बघितला होता. चुलीतला निखारा तो माणूस बोटांनी उचलायचा, कातडी जळायची, आणि तो हसत बोलतच राहायचा. रविवारी कोंडीबानं शेगडीवरचं पाणी नेहमीपेक्षा बरंच जास्त तापू दिलं. कुणाला काही सांगितलं नाही. गुरुसिद्धप्पा आणि रावजी बाकावर येऊन बसले. पाव्हणे कशासाठी आलेत हे रुद्रप्पाला माहीत नव्हतं. त्यानं त्यांना रामराम घातला आणि ऐटीत बोटं वाडग्यात बुडवली.

"अय्यय्यो!" तो खुर्चीतून उसळला. पाणी जमिनीवर सांडलं. "कोंडीबा, खुळा झालास का? सोललीस की बोटं!"

कोंडीबानं श्वास सोडला. "बघितलं पाव्हणं? महारोग्याच्या बोटाला निखारा कळत न्हाय. ह्यांना पानी कळलं."

"मग दोरा कशाला?" गुरुसिद्धप्पा जागचा हलला नाही.

"मी भ्यालो व्हतो म्हनून बांधला."

रुद्रप्पानं भाजलेली बोटं तोंडाजवळ धरली होती. तो फुंकर घालायचा थांबला. त्यानं आधी नराणीकडे, मग कोंडीबाकडे बघितलं.

कोंडीबानं दातांनी दोरा तोडला. वाडग्यात उरलेल्या पाण्यात स्वतःचा डावा हात बुडवला, रुद्रप्पाच्या नराणीनं आपल्या अंगठ्याचं नख काढलं आणि नराणी रावजीपुढे धरली. "या, आता तुमची पाळी."

"मला बाजारात जायचंय," म्हणत रावजी उठला. पुन्हा तो त्या दुकानात आला नाही. त्याच्यामागं आणखी पाचसहा जण गेले.

गुरुसिद्धप्पा दारापर्यंत जाऊन वळला. "लग्न होईल. ठरल्या दिवशी होईल." मग म्हणाला, "लग्नात नवऱ्या मुलाची नखं मात्र आमचा न्हावी काढील."

लग्न झालं. रुद्रप्पा तीन रविवार फिरकला नाही. चौथ्या रविवारी आला, खुर्चीत बसला आणि हात पुढे केले. "सूत अडकतंय." कोंडीबानं पाण्यात आधी स्वतःचं बोट घालून बघितलं, मग वाडगं त्याच्यापुढं ठेवलं. त्या दोघांत याविषयी पुढं कधी बोलणं झालं नाही.

दुधनीच्या पाव्हण्यांची खात्री पटवलेल्या कोंडीबानं त्या रविवारच्या दुसऱ्याच सकाळी उंबऱ्यावर बसून स्वतःचा डावा अंगठा उन्हात धरला होता. ते बघणं बारा वर्षं चाललं. या बारा वर्षांत रुद्रप्पा दर रविवारी येत राहिला, शिवम्माला दोन मुलं झाली, कोंडीबाच्या नखांना काही झालं नाही. तरी तो बघायचाच.

१९३८च्या उन्हाळ्यात त्याला ताप आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी रंभाबाईनं त्याचे हात पुसायला घंगाळात ऊन पाणी आणलं. त्याची बोटं हातात घेऊन ती म्हणाली, "बघा, गुळगुळीत हायत समदी." त्यानं बघितलं नाही. तिनं हात पाण्यात सोडला तसा त्यानं तो पटकन मागं ओढला. त्यानंतर तो झोपला तो उठला नाही. झोपण्याआधी एवढंच म्हणाला होता,

"लई तापलंय गं. जरा गार घाल."