दादाच्या गाडीला धक्का

शर्यतीच्या सिनेमांत गाडी कधी सुरू व्हायला कुरकुरत नाही. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला होता. कार्ल्यातल्या आमच्या घरी तो असले सिनेमे हिंदीतून पुन्हा पुन्हा बघायचा, मी शेजारी पुस्तक घेऊन. त्या सिनेमांत बॉनेट उघडलं की माणसं इंजिनाभोवती कौतुकानं जमतात. आमच्याकडेही जमत, पण वाफ निघाल्यावर. तिथं रस्त्यात म्हैस येत नाही, आणि हिरोनं बटण दाबलं की गाडी उडते.

"आपल्याकडं ते बटण कुठाय?" मी विचारायची.

"शेजारी!" दादा म्हणायचा. "चौघं मागं लागले की उडते."

त्याच्या जुन्या पांढऱ्या गाडीला त्यानं मागे डिकीवर शर्यतीच्या गाडीसारखा पंख बसवला होता, दारांवर ज्वाळांचे स्टिकर लावले होते. चालवायचा मात्र चाळीसनं. आम्ही गडाखालच्या तिकोणा पेठेला निघालो की टेम्पोसुद्धा हॉर्न मारत पुढे जायचे.

दादा गेला आणि गाडी अंगणात उभीच राहिली. थंडीतल्या एका सकाळी वहिनी म्हणाली, "आज सुरू झाली तर ठेवू. नाहीतर उद्या भंगारवाल्याला देते. रोज बघवत नाही मला."

मला गाडी दादानंच शिकवलेली, "वाचतेस का चालवतेस?" असं ओरडत. मी चावी फिरवली. नुसतं टक् झालं. वहिनी पायरीवरून उठून आत निघाली.

तेवढ्यात शेजारचे आबा कुंपणापलीकडून ओरडले, "सेकंडला टाक! आमी लावतो धक्का."

भात झोडायला निघालेल्या दोघी बायकाही थांबल्या.

"लय जड हाय गं. काय भरलंय हिच्यात?"

"आदी तो पंख काडा, मग हलंल!"

हसत हसत त्यांनी गाडी उतारावर आणली. मी क्लच घाईनं सोडला. गाडीनं एक हिसका दिला आणि थांबली.

"पोरी, दमानं सोड," आबा म्हणाले.

आरशात पाहिलं तर वहिनी पदर खोचून आली होती. तिनं पंखावरच हात टेकले. पुन्हा धक्का, आणि या वेळी इंजिन धडधडलं. काळ्या धुरात सगळे खोकत, ओरडत होते.

मी ब्रेककडे पाय नेला.

"थांबू नको! बंद पडंल!" वहिनी किंचाळली. धावत आली, दार उघडलं आणि चालत्या गाडीत धपकन बसली. एक चप्पल रस्त्यातच राहिली.

दम लागला होता, तरी हसू आवरत नव्हतं तिला.

"पेठेपर्यंत ने," ती म्हणाली. "पण चाळीसच्या वर नको हां."