कुबियाकच्या तीन दांड्या

गेलन,

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. शाळेत मी फळ्यावर सूत्र लिहिलं की तू आधी शेजारच्याच्या पुस्तकात ते खरं आहे का बघायचास. पुढे बापाने गाई विकल्या आणि तू दुधाचा टँकर चालवायला लागलास. गोठ्यावर जायचं, टाकीचं झाकण उघडायचं, नाक आत घालून वास घ्यायचा, दूध नासलेलं नाही अशी खात्री झाली की मगच नळी लावायची. धंद्यात ते बरोबरच आहे. पण डार्लीनच्या बहिणीने चर्चच्या जेवणाला आणलेल्या बटाट्याच्या सॅलडचाही तू तसाच वास घेतोस. डार्लीन बायको आहे म्हणून खपवून घेते. मी घेत नाही.

तर, गाडी. तुझी ती सत्तर सालची नोव्हा, मागे कारखान्यातून आले तसेच कमानपाटे. सरळ रस्त्यावर ती कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण उतारावरच्या वळणाआधी ब्रेक दाबलास की मागची चाकं थुईथुई नाचायला लागतात. शर्यतीत त्याच वळणावर मी झेंडे घेऊन उभी असते, तेव्हा मला सांगू नकोस की नाचत नाहीत. इतकी वर्षं त्या लेन कुबियाकच्या मागून दुसरा येणारा तू गेल्या हंगामात पहिल्यांदाच गुणांत त्याच्या पुढे होतास. एकच शर्यत उरली होती. कप घरी आणायचा तर त्या चाकांचं काहीतरी करणं भाग होतं.

आणि नेमका तेव्हाच ट्रॅकवर कुबियाक ट्रेलरमधून पाट्यांच्या जागी बसवायची सगळी जोडणी घेऊन आला. तीन दांड्या, दोन गोल स्प्रिंगा, वर मूठभर बोल्ट.

"घेऊन जा. माझ्याकडे गंजत पडलंय."

सॉसेजचा पाव तुझ्या तोंडाशीच थांबला. "का?"

"का म्हणजे? म्हाताऱ्या घोड्यासारखा उधळतोस त्या वळणावर. मागून बघवत नाही."

तू मला ओढत टायरांच्या ढिगामागे नेलंस. "बाई, मी ज्याच्या मानगुटीवर बसलोय तो मला हे फुकट देतो?"

आपल्याकडे शर्यतीआधी माणसं एकमेकांना पाने-पक्कड देतात, टायर देतात, वेळ पडली तर अख्खा गिअरबॉक्स देतात आणि मग त्यालाच हरवायला निघतात. हे तुला माहीत होतं. पण संशय मलाही आला, खोटं का बोलू? आपल्या गटाच्या नियमात मागे पाटेच लागतात. या दांड्या बसवल्या की तू वरच्या गटात, तिथे शेवटून पहिला, आणि कप कुबियाकला. मी तसं म्हटलं मात्र, तू तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलास.

"मला गटाबाहेर काढायला बघतोस होय रे?"

"हो," पावावर मोहरीची चटणी फासत कुबियाक म्हणाला. "पण दांड्या चांगल्या आहेत, तेही खरं. आत्ता नको तर पुढच्या वर्षी बसव."

"आणि आत्ता काय करू? सांग ना, एवढा शहाणा आहेस तर!"

"मागच्या ब्रेकचा जोर कमी कर. फार धरतो तुझा. चाकं नाचायची थांबतील. पाट्यांना हात लावू नकोस."

परतताना तू गाडीत मला म्हणालास, "एवढं सरळ कुणी बोलतं का? काहीतरी शिजतंय. मागचा ब्रेक कमी केला की मी वळणाऐवजी मक्याच्या शेतात, हेच हवंय त्याला." दांड्या घेतल्यास, पण तुझ्या शेडमध्ये दिसल्या तर नियम मोडल्याची तक्रार कुबियाकच करील, म्हणून त्या माझ्या गॅरेजात आणून टाकल्यास. ब्रेक तसाच ठेवलास. त्याने नको म्हटलं म्हणूनच, दुसरं कारण नव्हतं, पाट्यांमध्ये आणखी एक पाटा चढवून मागची बाजू आणखी ताठ केलीस.

शेवटच्या शर्यतीत उतारावर तू ब्रेक दाबलास आणि नोव्हा माझ्या डोळ्यांदेखत मागून नाचत, फिरत गवतात गेली. मी धोक्याचा पिवळा झेंडा हलवला. कुबियाक मागून आला, हळू झाला, तू हात वर केलास ते पाहून मगच पुढे गेला. कप त्याचा.

"बघायला नाही, हसायला रेंगाळला होता," तू म्हणालास. मी त्याचा चेहरा पाहिला होता. तो हसत नव्हता.

या वसंतात तू कुणाला न सांगता जास्तीचा पाटा काढलास आणि मागच्या ब्रेकचा जोर कमी केलास. डार्लीनने सांगितलं मला. उतारावरून गाडी लोण्यासारखी गेली म्हणे. आणि दुसऱ्याच दिवशी तुझा फोन.

"बाई, शनिवारी तुम्ही कुबियाकच्या गावावरून जाताय ना? त्याच्या दांड्या तेवढ्या पोचवा."

"तुला पाय नाहीत?"

"त्याला वाटेल मी माफी मागायला आलो."

"मग माग."

"अन् त्याने ब्रेकचं मुद्दाम खरं सांगितलं असेल तर? मी उलटंच करणार हे ओळखून?"

मी फोन ठेवला. मग तूच पुन्हा केलास, म्हणालास की शुक्रवारी दांड्या न्यायला येतो, स्वतः जातो. मी गाडी बाहेर काढून तुझ्या पिकअपला जागा करून ठेवली. दिवसभर गॅरेजचं दार उघडं होतं. तू आला नाहीस. दांड्या अजून इथेच आहेत; न्यायच्या तुलाच.