मोटारीच्या खोलीतला आवाज

महादूच्या घरात गोड गळा सगळ्यांना होता, एका पल्लवीला सोडून. महादू एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, आणि जयंती जवळ आली की त्याचं भीमगीतांचं पथक किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत गावोगाव जाई. थोरली मुलगी कोरसला, मुलगा ढोलकीवर. धाकट्या पल्लवीचा आवाज मात्र लहानपणापासून घोगरा, करपलेलं पातेलं खरवडल्यासारखा. पेटीवाल्या काकांनी तिला मागे बसवून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि ती मोठी होईपर्यंत टाळ्याच वाजवत राहिली.

पुढे ती कल्याणला डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स करायला गेली. तिथे एका मैत्रिणीने आपल्या इअरफोनची एक बाजू तिच्या कानात घातली. पल्लवीने दचकून ती उपसून काढली. कोणीतरी जात्यात दगड भरडावेत तसा गात होता, मागे ड्रम पत्र्यावर गारा पडाव्यात तसे कोसळत होते. थोड्या वेळाने तिनेच हात पुढे केला आणि म्हणाली, "परत लाव." ह्याला डेथ मेटल म्हणतात हे तिला त्या दिवशी कळलं, आणि असा गळा उपजत नसतो, तो श्वास पोटातून काढून कमवावा लागतो, हे नंतर कळलं. घोगरा गळा असलेल्या मुलीला ह्याहून मोठी बातमी कोणती असणार?

नोकरी लागल्यावर ती आंबेखोर ह्या आपल्या गावाहून स्कूटीने आसनगावला आणि तिथून लोकलने कल्याणला जाऊ-येऊ लागली. दिवसभर आजाऱ्यांशी हळू बोलायचं आणि परतताना कानात ती गाणी घालायची, असा तिचा क्रम. ऑक्टोबर सरताना परदेशात हॅलोविन पाळतात, तो भुताखेतांचा सण. डोंबिवलीला तिच्या मेटल ऐकणाऱ्या चार मित्रमैत्रिणींनी त्या दिवशी एकत्र जमायचा रिवाज पाडला होता. दिवे मालवायचे, काळे कपडे घालायचे आणि कोणीतरी एकाने रचून आणलेली गाण्यांची तासभराची मालिका गप्प बसून ऐकायची. यंदा पाळी पल्लवीची होती.

तिने संथ, जड गाण्यांनी सुरुवात केली, मग वेग वाढवत नेला, आणि दोन गाण्यांमधल्या जागा स्वतःच्या आवाजाने भरायचं ठरवलं. घरी हे जमणं शक्य नव्हतं. नदीकाठी त्यांच्या शेतात पाण्याच्या मोटारीची खोली होती. कामावरून आली की ती बापाच्या पथकाचा चाकांचा स्पीकर तिथे नेई, गाणी मोठ्याने लावून कुठे जोर कमी पडतोय ते ऐके, मग मधल्या जागी स्वतः गुरगुरून, किंचाळून रेकॉर्ड करी. महादूला वाटे, दवाखान्यातल्या कार्यक्रमाची तयारी चालली आहे. नदीपलीकडच्या चढावर वरची वाडी होती. पाण्यावरून आवाज किती लांब जातो, हे पल्लवीच्या डोक्यात आलंच नाही.

रविवारी सकाळी वाडीतला नवसू त्यांच्याकडे भातकापणीला यायचा होता. तो आला तो रिकाम्या हाताने, विळा न घेता. ओट्याशी उभा राहून महादूला म्हणाला, "महादूदादा, मी आज येत नाय. आत्याला खळ्यावर बसवलीय."

"कोणाला, जिवलीला? कशाला?"

"रोज सांजचा नदीकडून आवाज येतो. गुरगुरतो, मधीच बाई किंचाळते. कमळूची पोरगी तापानं फणफणलीय, उतारच नाय. आत्या त्याच वक्ताला खेकडे धरून नदीवरनं वर येते. लोकांनी जोड लावला. कमळूनं मुरबाडकडला भगत आणलाय. तो म्हनतो, हीच बाई करणी करते."

पल्लवी आत भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले. जिवली म्हणजे वाडीच्या खालच्या टोकाला एकटी राहणारी विधवा, नवसूच्या बापाची बहीण. लहानपणी तिने पल्लवीला करवंदांचे द्रोण दिले होते. पल्लवीच्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. उद्यापासून आवाज बंद झाला असता, लोक विसरले असते. दुसरा विचार आला तेव्हा तिला पहिल्याची लाज वाटली. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"आबा, तो आवाज माझा आहे."

महादूने तिच्याकडे पाहिलं. तिने सगळं सांगितलं, भराभर, अर्धवट. नवसूला निम्मं कळलं नाही, पण स्पीकर कळला.

"पोलिसांना फोन करते," ती म्हणाली.

"कर. पण ते यायला वेळ लागंल, तवर तिथं काय होईल सांगता येत नाय." महादूने खुंटीवरचा सदरा घातला. "स्पीकर घे."

खळ्यावर वीस-पंचवीस माणसं होती. मधोमध जिवली बसलेली, केस सुटे, कपाळभर कुंकू फासलेलं. तिच्या झोपडीचं दार उचकटून बाहेर फेकलेलं वरूनच दिसत होतं. भगतासमोर घमेल्यात निखारे होते आणि शेजारी सुक्या मिरच्यांची परडी. पल्लवीची नजर त्या परडीवरच गेली. मिरच्यांचा धूर तोंडाशी धरला की माणूस काहीही कबूल करतं, हे तिने ऐकलं होतं.

"जरा थांबा," महादू म्हणाला. "माझ्या पोरीला बोलू द्या."

पल्लवीने फोन काढून स्पीकरला जोडला आणि गाणं लावलं. भर सकाळी, उन्हात, तो आवाज खळ्यावर फुटला. बाया मागे सरल्या, एक म्हातारी भिंतीला चिकटली. "हाच तो," दोघे-तिघे एकदम म्हणाले.

तिने गाणं बंद केलं. "हे गाणं आहे. मी मोटारीच्या खोलीत लावत होते. जिवली आजीचा काही संबंध नाही."

कमळू पुढे आला. किती दिवस झोपला नव्हता कोण जाणे, डोळे लाल होते. "मोबाइलात काय पन येतं. तू हिला वाचवाया आलीस."

भगत शांतपणे म्हणाला, "आमी बाई ऐकली. ह्यात तर बाप्या हाय."

"गाणारा बाप्या आहे, मधे किंचाळते ती मी."

"मग काढ," कमळू म्हणाला.

आजवर तिने तो आवाज कोणासमोर काढला नव्हता. समोर आबा होते, ज्यांनी तिला सूर लावायला शिकवायची खटपट करून शेवटी नाद सोडला होता. तिने डोळे मिटले, पोटात श्वास भरला आणि सोडला. आवाज जमिनीतून यावा तसा आला. पाखरं आंब्यावरून उठली. तिने डोळे उघडले तेव्हा माणसांचं कडं तिच्यापासून दूर सरकलं होतं आणि सगळ्यांच्या नजरा जिवलीवरून निघून तिच्यावर आल्या होत्या.

"हिच्याच अंगात हाय," कोणीतरी म्हणालं.

भगताने काठी उचलली. महादू लेकीच्या पुढे येऊन उभा राहिला. नवसू त्याच्या शेजारी आला, पण बाकी कोणी हललं नाही. पल्लवीला कळेना बोलावं की पळावं. ती आबांच्या खांद्याआडून म्हणाली, "बघा, मी बोलतेय. मी पल्लवी. आता परत काढते, मग परत बोलते. माझ्या मनाने काढते, माझ्या मनाने थांबवते." तिने तसं केलं, पुनःपुन्हा केलं. घसा सोलवटला. तरी माणसं दगडासारखीच.

तेवढ्यात कमळूची बायको सोमी झोपडीतून आली. खांद्यावर तापलेली पोर, मान लोंबती. ती भगताला वळसा घालून सरळ पल्लवीपुढे उभी राहिली. कमळूने "सोमे" म्हणून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. मोकळा हात तिने पल्लवीच्या गळ्यावर ठेवला.

"काढ परत."

पल्लवीने हळू आवाजात काढला. सोमीची बोटं गळ्यावर तशीच होती. मग तिने हात खाली पोटाशी नेला. "आजून." पल्लवीने पुन्हा काढला. खांद्यावरची पोर किंचित हलली, तिने डोळे उघडून आवाज कुठून येतोय ते पाहिलं आणि परत मिटले.

"हिचाच गळा हाय," सोमी वळून म्हणाली. "हिथं थरथरतो, हाताला लागतो. आत दुसरा कोन नाय." मग नवऱ्याला म्हणाली, "गाडी बोलव. पोरीला दवाखान्यात न्यायची. किती दिस सांगते."

कमळू मटकन खाली बसला आणि त्याने तोंड हातांनी झाकून घेतलं. नवसूने घमेलं उचलून निखाऱ्यांवर पाणी ओतलं. गर्दीतल्या एकाने आपली जीप आणली. पोलिसांची गाडी पोचली तोवर भगत बांधावरून निघून गेला होता, पण दोन दिवसांनी त्यांनी त्याला शोधून काढला.

पोरीला डेंग्यू निघाला. रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या, पण ती वाचली. जिवलीने जबाब दिला त्यात भगताचं नाव सांगितलं, कमळूचं सांगितलं नाही. "त्याला माझ्या दारावरनंच जायाचा हाय रोज," एवढंच म्हणाली.

पल्लवी माफी मागायला गेली तेव्हा जिवली नवं दार बांधणाऱ्या नवसूला कारवीच्या काठ्या काढून देत होती. तिने पल्लवीला बसायला सांगितलं नाही. हातातली काठी नवसूला देऊन बोलली, "दार तू मोडला नाय, ते मला म्हाईत हाय. पन तू एक डाव वर येऊन सांगितला असतास, का आजी, आवाज माझा हाय, घाबरू नको, तर मी पन रोज जीव मुठीत धरून चढ चढले नसते. मला पन भ्याव वाटत हुता गो." पल्लवीने उरलेल्या काठ्या उचलल्या आणि एकेक करून पुढे केल्या. संध्याकाळी आबा म्हणाले की आमचे गायक गळ्यातून ओढतात म्हणून त्यांचा आवाज बसतो, तुझा पोटातून येतो. एवढं बोलून ते गुरांकडे गेले.

हॅलोविनला तिने मालिका पाठवून दिली, स्वतः गेली नाही. वाडीत घडलेलं तिने मित्रांना फोनवर सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, अरे, हे तर मालिकेच्या सुरुवातीला घालायला हवं होतं. तिने नंतर बोलते म्हणून फोन ठेवला. घाबरण्याची हौस असणाऱ्यांचा तिला राग आला नाही, तिलाही ती होतीच. पण त्या परडीतल्या मिरच्या तिला अजून दिसत होत्या.

गाणं तिने सोडलं नाही. मोटारीच्या खोलीत जायच्या आधी ती सोमीला फोन करते, "वहिनी, आज सातला." सोमी वाडीत सगळ्यांना सांगते. कधी कधी पलीकडून उत्तर येतं, "आज नको गो, पोर आत्ताच झोपलीय." मग त्या दिवशी पल्लवी इअरफोन लावून बांधावर बसते.