डब्याचं इंग्रजी

तुये गावातल्या कारखान्यात जाताना बसमध्ये रोज एक बाई शेजारी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. जेवणाचा डबा मांडीवर ठेवून ती 'ऑन' म्हणायची, पिशवीत घालून 'इन', सीटखाली सरकवून 'अंडर'. तिला पॅकिंग खात्यातून सुपरवायझर व्हायचं होतं आणि मुलाखत इंग्रजीत होती.

"पुस्तकातून पाठ कर गो," मी म्हटलं.

"हात हलल्याबगर माझी जीभ हलत नाय, बाय."

मुलाखतीत तिची जीभ अडलीच, असं नंतर कळलं. मग तिने सरळ साहेबाची पाण्याची बाटली उचलली आणि ती खोक्यात, टेबलावर, खुर्चीखाली ठेवत एकेक वाक्य खणखणीत म्हटलं.

सोमवारी ती सुपरवायझरचा निळा कोट घालून बसमध्ये चढली. मी सरकून जागा दिली.

"आज उभी रवतंय," कोट सरळ करत ती म्हणाली. "सगळ्यांक दिसाक होया!"