कॉइलची वायर बशीरच्या हातात होती

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. माझं देगलूरला मोटारपंपांचं दुकान आहे. बोअर कुठं घ्यायचा ते तळहातावर नारळ धरून सांगणारे लोक माझ्या रोजच्या ओळखीचे, आणि मी त्यांना त्यांच्या तोंडावर वेड्यात काढलेलं आहे. पाणी आणि वीज, दोन्ही माझ्या धंद्यातल्या गोष्टी. दोन्ही नियमानंच वागतात असं मी मानत आलो. म्हणून हे लिहायला इतका वेळ लागला...

माझी थोरली बहीण, अक्का, लेंडी नदीपलीकडच्या एका लहान गावात दिलेली. तिचे मालक व्यंकटराव, आमचे दाजी. दाजींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिससाठी दर आठवड्याला नांदेड गाठावंच लागायचं. गावातून बाहेर पडायला रस्ता एकच, आणि त्याच्यावर बुटका नळकांडी पूल. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की पूल पाण्याखाली. बाकीच्या लोकांचं चार दिवस घरात बसून भागतं. दाजींचं भागत नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या आधी मी एक जुनी पेट्रोल जीप घेतली, ती एवढ्याचसाठी. बशीर माझा शाळेपासूनचा दोस्त, ऑटो इलेक्ट्रिशियन. आम्ही दोघांनी मिळून ती जीप पाण्यासाठी तयार करायला घेतली. हवा ओढणारा पाइप टपापर्यंत वर नेला, सायलेन्सर वर काढला. खरी भीती असते ती इंजिनच्या वायरिंगची. पेट्रोल इंजिनात कॉइल ठिणगीची वीज तयार करते, ती एका जाड वायरीतून डिस्ट्रिब्यूटरला जाते आणि तिथून प्लगांना वाटली जाते. यात कुठंही पाणी शिरलं की गाडी जागेवर बंद. म्हणून प्रत्येक जोड उघडून ग्रीस भरलं, रबराच्या टोप्या बसवल्या, डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला सिलिकॉन लावलं. फ्यूजबॉक्स उचलून डॅशबोर्डच्या वर नेला. बशीर म्हणायचा, "अबे दिलीप, ही जीप न्हाई राहिली, पाणबुडी झाली."

काम संपत आलेलं असतानाच नदी आली.

दुपारी अक्काचा फोन. "दिलीप, यांना दम लागून राहिलाय रे. पाय पार सुजले. आडवं पडता येईना." मागचं डायलिसिस पुलावर पाणी होतं म्हणून चुकलेलं. तहसीलकडून बोट मागवली होती, पण ती दुसऱ्या तालुक्यात अडकलेली, उद्या येईल म्हणत होते. अक्का म्हणाली, "उद्यापर्यंत न्हाई टिकायचे हे."

मी पळत बशीरच्या शेडवर गेलो. बशीर नव्हता. जीप उभी होती, बॉनेट बंद, चावी लावलेली. मी बसलो, चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात चालू झाली. बशीरला फोन लावला, तो उचलेना. निघालो.

नदीवर पोचलो तेव्हा पूल दिसतच नव्हता. कडेच्या खुणेच्या दगडांची टोकं तेवढी मधूनमधून वर. पाणी थेट इंजिनावर येऊ नये म्हणून पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली, पहिला गिअर टाकला आणि जीप आत घातली. पाणी हळूहळू बॉनेटवर चढलं. आत माझ्या मांडीपर्यंत आलं. पण इंजिन एकदासुद्धा अडखळलं नाही. मला वाटलं, आपण केलेलं काम नंबरी झालंय. त्या वेळी मला अभिमान वाटत होता, हे खोटं का सांगू.

पलीकडं लोकांनी दाजींना खाटेवरून आणलं आणि मागच्या सीटवर बसवलं. अक्का त्यांना धरून. परत निघालो. मध्यावर आलो असू, तेव्हा दाजी म्हणाले,

"दिलीप, गाडी बंद पडली का रे?"

"न्हाई दाजी, चालू हाय."

"मंग आवाज कसा न्हाई?"

मला तर आवाज येत होता. स्टिअरिंगमधून हातापर्यंत थरथर येत होती. मी म्हटलं, पाण्याचा गोंगाट आहे, दाजींना सुधरत नाहीये. आरशात अक्का दिसली. ती माझ्याकडं बघत होती.

अलीकडच्या काठाला लागलो आणि तसाच नांदेडच्या रस्त्यानं नरसीच्या दिशेनं निघालो. नरसी जवळ आली तसं नेटवर्क आलं, आणि लगेच बशीरचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"अबे, गाडी कोण टोचन करून ओढत नेली? शेडमधे न्हाई!"

"मीच आणली. दाजींना घेऊन नांदेडला चाललोय."

"कशी आणली?"

"कशी म्हणजे? चालवत आणली."

तो हळू आवाजात म्हणाला, "दिलीप, मजाक नको करू यार. कॉइलची वायर माझ्या हातात हाय. मापाला म्हणून काढून दुकानात घेऊन गेलतो. गाडी चालूच होणार न्हाई."

गाडी थांबवून बॉनेट उघडावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी... नको! थांबवली आणि परत चालू झाली नाही तर? मागं दाजींचा श्वास घरघरत होता. मी फोन बंद केला. नायगाव गेलं, नांदेड आलं, मी ॲक्सिलरेटरवरचा पाय पुरता उचलला नाही. सिग्नलला, गर्दीत, कुठंही इंजिन बंद पडू दिलं नाही. दवाखान्याच्या दारात दाजींना उतरवून घेतलं, त्यांना आत नेलं, आणि मग मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं. कॉइलच्या तोंडावर रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट घट्ट बांधलेलं. डिस्ट्रिब्यूटरच्या मधल्या भोकावरही तसंच. कचरा जाऊ नये म्हणून बशीरनं बांधलेलं, जसंच्या तसं. दोन्हींच्या मधे वायर नाही. काहीच नाही.

चावी मारली. इंजिन नुसतं गरगर फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारली. तेच. शेजारी उभा असलेला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर येऊन आत डोकावला. म्हणाला, "काका, वायरच न्हाई ना हिला. ओढून आणली का?" मी बॉनेट लावलं.

वर गेलो तेव्हा दाजींना मशीन लावलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उशीर झालाय, पण बघू." अक्का बाहेर बाकावर बसलेली. पदर पाण्यानं चिकटलेला. मी तिच्याशेजारी बसलो. मशीन चालू असतानाच दाजींचं हृदय थांबलं.

त्यांना गावी परत नेता येईना, पुलावर पाणी तसंच होतं. पाणी उतरेपर्यंत ॲम्ब्युलन्स या काठाला उभी राहिली, आणि पलीकडच्या काठाला त्यांचं सगळं गाव.

नंतर बशीरनं आणि मी सगळं करून पाहिलं. वायर काढली, तशाच रबरी टोप्या बांधल्या आणि चावी मारली. जीप एकदाही पेटली नाही. ग्रीसमधून वीज गेली असेल का? जाऊच शकत नाही. ठिणगी एवढं अंतर उडेल का, तीही दोन्ही बाजूंना रबर असताना? मीच काही चुकीचं पाहिलं म्हणावं, तर त्या ड्रायव्हरनंही पाहिलं होतं. मग नवी वायर बसवून, सगळं नीट करून, त्याच पुलावर कमी पाण्यात जीप घातली. पुलाच्या तोंडाशीच बंद पडली. ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. बशीरनं परत त्या जीपला हात लावला नाही.

काठावर उभ्या असलेल्या लोकांना मी विचारलं. दोघं-तिघं म्हणाले, "आम्हाला वाटलं बंद गाडी पाणीच ढकलत आणून राहिलंय. आवाज कुठं होता?" अक्काला विचारायची हिंमत मला महिनाभर झाली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "न्हाई आला आवाज. नुसतं पाणी वाजत होतं. मी तुझ्याकडंच बघत होते, तुला कळंना कसं म्हणून."

इथं इंजिनातलं कळणारे लोक असतील. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी प्रत्येक गोष्ट तपासून पाहीन. फक्त देवानंच गाडी नेली असं लिहू नका. अक्काला भेटायला येणारे सगळे तेच सांगतात. ती ऐकून घेते, आणि मग विचारते, "नदीतून काढलं, नांदेडपर्यंत नेलं... मग तिथं का सोडलं?" येणारा माणूस चहा तसाच ठेवून उठतो. मीही उठतो.