बुधवारचा अर्धा तास

“हाडं विरळ झाली आहेत,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी माझ्या पाठीचा एक्स-रे उजेडासमोर धरला होता. मणक्यांच्या रांगेत एक मणका बाकीच्यांपेक्षा बुटका दिसत होता, वरून कुणी दाबल्यासारखा. “हा दबला आहे. या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड बाहेरून नीट दिसतं, आतून मात्र घुण लागलेल्या लाकडासारखं होतं.”

मी खाली पाहत होते. मला माझी आई आठवली. शेवटी ती कमरेत इतकी वाकली होती की तिला समोरच्या माणसाचे पाय दिसायचे, तोंड दिसायचं नाही. आवाजावरून ओळखायची. म्हातारपण असंच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी फक्त भरलेली बादली उचलली होती, गोठ्यात न्यायला. पाठीत काडी मोडल्यासारखं झालं. चमक भरली असेल म्हणून शेक घेतला, बाम चोळला. कूस बदलता येईना तेव्हा हे मला बुलढाण्याला घेऊन आले. राजूर घाटात एसटीच्या प्रत्येक वळणाला मी समोरचा दांडा घट्ट धरून होते.

मी चौथीपर्यंत शिकले. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्यासारख्या एखाद्या बाईला हीच गोळी लिहून मिळाली आणि हे तिच्या हाती पडलं, तर तिचं तरी नीट व्हावं.

आधी डेक्सा नावाची तपासणी झाली. हाडं किती भरीव राहिली ते त्यात कळतं. मशीनवर नुसतं पडून राहायचं, दुखत नाही. रक्तात कॅल्शियम आणि किडनी तपासली. दातांचं काही काम बाकी आहे का, तेही विचारलं. मग डॉक्टरांनी अलेंड्रोनेट नावाची गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची. मी बुधवार धरला.

“सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत,” डॉक्टर म्हणाले. “चावायची नाही. नंतर अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही. आणि आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं. वाकायचंही नाही. समजलं?”

मी मान हलवली. समजलं होतं. पण जमायचं कसं, ते विचारायला तोंड उघडलं नाही. परपुरुषापुढे माझा आवाजच निघत नाही.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या बाजूला. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून वैशाली आणि माझे भासरे. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. जाऊबाई गेल्यापासून त्यांचं सगळं मीच पाहते. आमच्याकडे भासऱ्यांसमोर बाई बसत नाही. ते दाराबाहेर खाकरतात, तो आम्हाला इशारा असतो. खाकरणं ऐकलं की पदर डोक्यावर घ्यायचा, उठायचं, आत जायचं. ते माझ्याशी थेट कधी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर, “हिले सांग,” असं यांना सांगतात. त्यात राग नाही, तो मान आहे. मीही तसाच मानला.

भासरे दिवस उगवायच्या आधी उठतात, मधल्या खोलीतून न्हाणीकडे जातात. त्यांना पहिला चहा लागतो. आणि एकदा मी उठले की काम समोर दिसतं. झाडलोट, गोठा, चूल, सगळं वाकूनच. जागी बाई अर्धा तास भिंतीला टेकून बसलेली कुणी पाहिली आहे?

म्हणून मी माझ्या मनानं उपाय काढला. सगळ्यांच्या आधी अंथरुणातच गोळी तोंडात टाकायची, तांब्यातलं घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा पडायचं. पेलाभर पाणी प्यायलं तर लगेच बाहेर जावं लागतं, म्हणून घोटभरच. अर्धा तास झोपेतच निघून जाईल, कुणाला त्रास नाही. मला वाटलं, छान जमवलं.

काही आठवडे गेले. मग छातीच्या मधोमध जळायला लागलं. भाकरीचा घास गळ्याखाली अडकल्यासारखा व्हायचा. मी दुधात कुस्करून खाऊ लागले. बोलले नाही. एका सकाळी पाणीसुद्धा दुखत दुखत खाली गेलं आणि मी छाती धरून खाली बसले.

“काय झालं वं? छातीत दुखून राह्यलं का?” यांचा चेहरा पांढरा पडला. हार्ट अटॅकच समजले ते. मुलानं गाडी काढली, वैशालीही सोबत आली. पुन्हा तोच घाट.

ईसीजी काढला, म्हणजे हृदयाचा आलेख. तो बरा होता. मग एंडोस्कोपी केली. घशातून बारीक नळी घालून आतून पाहतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तरी उमासे येतात. नर्सनं माझा हात धरला होता, तेवढ्यानं निभलं.

“अन्ननलिकेला आतून सूज आहे, चांगली भाजल्यासारखी,” डॉक्टर म्हणाले. “जखम पडलेली नाही, वेळेत आलात. आणखी चालू राहिलं असतं तर व्रण पडला असता. गोळी कशी घेता?”

मी पदर सारखा केला. यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. शेवटी वैशाली बोलली. “झोपूनच घेतात, सर. मी दोनदा पाहिलं. मला वाटलं, तसंच सांगितलं असेल.”

“का पण?”

“आमच्या घरी मोठ्या सासऱ्यांसमोर यांना बसता येत नाही.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. “ही गोळी पोटात गेली तर औषध आहे, नळीत अडकली तर भाजते. पाणी तिला खाली नेतं, बसणं तिला वर येऊ देत नाही. आता ती बंद. आधी सूज उतरू द्या. मग दोन रस्ते आहेत. तुम्ही बसणार असाल तर माझ्या नजरेखाली पुन्हा सुरू करू, आणि परत दुखलं तर त्याच दिवशी थांबवू. बसणं जमणार नसेल तर आत्ताच सांगा. त्यात लाज नाही. सलाईनमधून द्यायचं दुसरं औषध आहे. पण काहीच न घेता राहिलात, तर दुसरा मणका जाईल.”

माझ्या डोळ्यांसमोर आई आली, समोरच्याचे फक्त पाय पाहणारी. “सांगते,” एवढंच म्हणाले. डॉक्टरांशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

घरी आल्यावर वैशालीनं सगळं सांगून टाकलं, भासऱ्यांच्या समोरच. मी आत चुलीपाशी होते, कानाला आग लागल्यासारखी. मग भासऱ्यांचा आवाज आला.

“माह्यासाठी गोळी झोपून खाल्ली का तिनं? अन् तू काय करत होता बे?” हे यांना.

“मले काय माहीत, दादा! हिले बस म्हटलं तं ही भांडे घासाले जाते.”

“माहा चहा उशिरा झाला तं मी काही मरत नाही.”

सूज उतरायला वेळ लागला. अॅसिड कमी करायच्या गोळ्या, मऊ भात, वरण. दुखणं पूर्ण थांबल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. “बसेन,” मी म्हणाले, तेव्हा त्यांनी गोळी सुरू करायला सांगितली.

त्या बुधवारी उठले तर ओसरीत भिंतीला लागून भासऱ्यांची हातांची खुर्ची ठेवलेली. पाठीला उशी. शेजारी पाण्याचा भरलेला पेला, वैशालीनं ठेवलेला. मी गोळी घेतली, पेला संपवला आणि बसले. त्या खुर्चीवर मी कधी फडकं मारण्यापलीकडे हात लावला नव्हता.

थोड्या वेळानं दाराबाहेर खाकरण्याचा आवाज आला. सवयीनं पदर डोक्यावर गेला आणि मी अर्धी उठलेसुद्धा. पाठीत कळ आली. भासरे दारात थांबले होते, तोंड अंगणाकडे केलेलं.

“बस,” ते म्हणाले. “बसून राहा. उठू नको.”

यांना नाही, वैशालीला नाही. मला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलंही नाही, ताठ बसून राहिले.

बायांनो, गोळी लिहून मिळाली की डॉक्टरांना आपल्या घराची अडचणही सांगा. आपलं तोंड उघडत नसेल तर ज्याचं उघडतं त्याला सोबत न्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, ती मी जेवणानंतर घेते. गिळताना दुखलं, छातीत जळलं तर लपवू नका. आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका, मनानं चालूही ठेवू नका. किती वर्षं घ्यायची ते डॉक्टर ठरवतात.

माझी पाठ अजून दुखते, पण मान वर आहे. खुर्चीतून अंगणातला कडुनिंब दिसतो. तो इतका वाढलेला मला माहीतच नव्हता. चहा वैशाली करते, थोडा गोड करते. आणि बुधवारी भासरे न खाकरता आत येतात.