भरलेली बाटली

ड्रायव्हरदादांची पाण्याची बाटली सकाळी जशी जाई, तशीच भरलेली संध्याकाळी घरी येई. बायकोने विचारलं की म्हणत, "तहानच लागत नाही गं." खरं कारण वेगळं होतं. शेवटच्या थांब्यावर संडास नव्हता, आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहणं या माणसाच्या जिवावर येई. म्हणून ते तहान मारत. दुपारपर्यंत डोकं ठणकू लागे, ब्रेक कचकन लागे. मागून कंडक्टर ओरडे, "दादा, माणसं बसलीत, बटाट्याची पोती नाहीत."

एकदा बस चालवतानाच कमरेतून कळ निघाली. कशीबशी त्यांनी गाडी कडेला घेतली. डॉक्टरांनी मूतखडा सांगितला आणि बजावलं, "भरपूर पाणी प्या. पुन्हा असं झालं तर स्टिअरिंग विसरायचं. डेपोत टेबलावर बसावं लागेल."

दादांना टेबल म्हणजे जन्मठेप. तरी बाटली भरलेलीच येत राहिली. शेवटी बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं काय ते बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याच बसमध्ये तिकीट काढून बसली. शेवटच्या थांब्यासमोर एक शिंपीणबाई उघड्या दारात मशीन चालवत होत्या. ही सरळ आत शिरली.

"ताई, एक मागायचंय. मला लाज वाटतेय, पण आमच्या ह्यांना त्याहून जास्त वाटते." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्म्यावरून बाहेर पाहिलं. दादा स्वच्छ आरसा पुन्हा पुन्हा पुसत होते.

"मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे," बाई म्हणाल्या. "मागच्या अंगाला दार आहे. येऊ दे त्यांना."

"मावशी, मी त्यांचा धाकटा भाऊ. मीही येऊ ना?" कंडक्टरने दारातून मान आत घातली.

"असाल. मग बादली तुम्ही भरायची."

सुरुवातीला दादा उंबऱ्याशी घुटमळत. बाई मान वर न करता म्हणत, "जा हो. मी कपडे शिवते, पहारा देत नाही."

हळूहळू बाटली अर्धी येऊ लागली. ब्रेक मऊ लागू लागला, आणि कंडक्टरला चिडवायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी दादांचं स्टिअरिंग दादांकडेच राहू दिलं.

त्या संध्याकाळी बायकोने पिशवीतून बाटली काढली. रिकामी होती.

"अगं," दादा बूट काढता काढता म्हणाले, "उद्यापासून जरा मोठी देशील का?"

तिने फडताळ उघडलं. मोठी बाटली तिथे कधीची येऊन बसली होती.